हॅशपुढचं मराठी

चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात सेतुरावांबद्दल चांगलं बोलणारा माणूस सापडणं कठीण होतं, आणि मला विचारलं असतंत तर मीही आधी इकडेतिकडे बघितलं असतं. माणूस खवट. लिफ्टमध्ये कोणी 'गुड मॉर्निंग सार' म्हटलं तर 'बघू या' म्हणणारा. कोणाच्या वाढदिवसाला केक कापायला बोलावलं तर येऊन भिंतीला टेकून उभा राहणारा, आणि हातात दिलेला तुकडा 'ह्यात तूप नाही' असं सांगून परत ठेवणारा. सुट्टीचा अर्ज करणाऱ्याला 'लग्न कोणाचं? तुझं नाही ना? मग?' असं विचारणारा. अर्ज त्यांच्याकडे जायचाही नाही, पण विचारायचे.

पूर्ण नाव सेतुमाधवराव. ऑफिसात सगळे 'सेतु सार' म्हणत. तंजावरकडच्या मराठी घरातले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले. मी सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईला आले, त्या पहिल्या आठवड्यात जिन्यात उभी राहून आईला फोनवर सांगत होते की इथे भात सोडून काही मिळत नाही. फोन ठेवला तर मागून आवाज आला, "भात मिळतो हें थोडं जालं काय?" वळून बघते तर पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर बारीक गंध, हातात स्टीलचा डबा, आणि चेहरा असा की जणू मीच त्यांच्या वाटेत उभी आहे. मी 'तुम्ही मराठी?' म्हणून विचारलं. "तुम्ही लोक यायच्या आधीपासून," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'सांगली' झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं मराठी ऐकायला मजा यायची, पण हसायची सोय नव्हती. 'मला' नाही, 'मज'. 'झालं' नाही, 'जालं'. 'सगळं' नाही, 'असकं'. मधेच तमिळ शब्द, आणि वाक्याचा हेल तर पूर्ण तमिळ. माझं मराठी त्यांना मुळीच आवडायचं नाही. "तुमचं शाळेतलं," ते म्हणायचे. "धुऊन वाळत घातलेलं."

आमचं काम गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्याचं. तिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात आणि ट्रक भरभरून बाहेर पडतात. कोणता ट्रक, किती माल, कुठे जाणार, हे सगळं आमच्या यंत्रांवरून चालतं. ते चालवणाऱ्या स्क्रिप्टा सेतुरावांनी तरुणपणी युनिक्सच्या शेलमध्ये लिहिलेल्या. शेल म्हणजे काळ्या पडद्यामागे बसलेला, सांगाल तेवढंच करणारा कारकून. फंक्शन म्हणजे त्याला एकदा शिकवून ठेवलेलं आणि नाव दिलेलं काम. नाव घेतलं की तो ते काम करून टाकतो. ही फंक्शनं फाइलींमध्ये लिहिलेली असतात, शेल ती सकाळी वाचून घेतो आणि मग दिवसभर आपल्या डोक्यातून काम करतो.

इथेच सेतुरावांचं वेड सुरू व्हायचं. एखादं फंक्शन काय करतं हे बघायला कोणी फाइल उघडली की ते उठून यायचे आणि सरळ पडद्यावर हात ठेवायचे. तळहाताचा ठसा उमटायचा, पुसायचा आपण. "फाइल काय बोलते तें नको मा," ते म्हणायचे. 'मा' हे तिकडचं, बाईमाणसाला लावायचं. "शेलास विचार." मग शेलला फंक्शन छापायला सांगायचं. टाइपसेट, डॅश, एफ, आणि पुढे फंक्शनचं नाव. एवढं टाइप केलं की शेल आपल्या डोक्यात असलेलं ते फंक्शन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पडद्यावर छापतो. फाइलीत काहीही असो, आत्ता ह्या क्षणी तो काय करणार आहे ते हे. "फाइल म्हणजे तू शिकवलंस तें," सेतुराव म्हणायचे. "छापलं म्हणजे तो शिकला तें. मधे काय होतं तें मास्तरांस विचार."

नियम म्हणून हे चुकीचं नव्हतंच. एकाच नावाचं फंक्शन दोन फाइलींत असलं तर नंतर वाचलेलं आधीच्यावर बसतं, आणि आपण बिनदिक्कत भलतीच फाइल वाचत राहतो. पण सेतुरावांना नियम पुरत नव्हता, त्यांना शिकार लागायची. ती एकदा रेवती झाली.

रेवती आमच्याच टीममधली, मदुरैची, अभ्यासू मुलगी. गुम्मिडिपूंडीहून तक्रार आली की एका गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्याच्या नावावर निघतो आहे. कारखान्याची माणसं समोर बसली होती. रेवती फाइल दाखवून पुन्हापुन्हा सांगत होती की इथे चूक नाही. सेतुराव मागच्या खुर्चीत बसून ऐकत राहिले. तिचं बोलणं पुरतं संपू दिलं, पाण्याचा घोट घेऊ दिला, आणि मग म्हणाले, "आता छाप." तिने छापलं. मोठ्या पडद्यावर जे आलं ते फाइलीतलं नव्हतंच. तिनेच महिन्यापूर्वी दुसऱ्या फाइलीत चाचणीसाठी त्याच नावाचं फंक्शन लिहिलं होतं, ते काढायचं राहिलं होतं, आणि शेल इमानदारीने ते चालवत होता. सेतुराव कारखान्याच्या साहेबांकडे वळून तमिळमध्ये म्हणाले, "हिला घरचा पत्ता विचारला तर ही आधीच्या भाडेकरूचा सांगेल." साहेब हसले. पाहुणे हसले की बाकीच्यांना हसावंच लागतं. रेवती 'सरि सार', म्हणजे 'बरं सर', एवढंच म्हणाली.

त्यांना ते आधीच माहीत होतं. सकाळीच त्यांनी छापून बघितलं होतं, हे त्यांनी मला दुपारी जेवताना स्वतः सांगितलं, आणि सांगताना उडदाच्या पिठाच्या डांगर पचडीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, सार, सकाळीच तिला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. "मग ती शिकली असती काय?" ते म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, पण पचडी मी खाल्ली. दुसऱ्या दिवशी रेवतीच्या पडद्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी लागली. इंग्रजीत एकच ओळ: फाइलवर विश्वास ठेवू नका, शेलला विचारा. सेतुराव ती बघून खूश झाले. मला वाटतं त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर उलटलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती चिठ्ठी, आणि ते रोज तिच्यासमोरून हसत जायचे.

आता त्यांच्या दुसऱ्या बाजूबद्दल. आहे एक.

फंक्शनमध्ये आज्ञांच्या मधे शेरे लिहिता येतात. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण केली की ती ओळ शेल करायला घेत नाही. ती माणसासाठी असते: हे असं का केलं, इथे कशाची भीती आहे, वगैरे. सगळं जग हे शेरे इंग्रजीत लिहितं. सेतुराव मराठीत लिहायचे. जुन्या यंत्रांवर देवनागरी उमटायची नाही, म्हणून रोमन अक्षरांत, आणि तेही त्यांचं घरचं मराठी. आमच्या टीमला वाटायचं की हा काहीतरी संक्षेप असावा. मी एकदा एक फंक्शन छापलं आणि ओठ हलवत वाचायला लागले, तर अंगावर काटाच आला. 'येथें घाई करूं नये. मागल्या खेपेस घाई केली, ट्रक रिकामा गेला.' खाली दुसऱ्या ठिकाणी: 'राघवन बोलिला हें होणार नाही. जालें.' आणि एके ठिकाणी नुसतं: 'अक्का आज बरी आहे.'

मी ती ओळ वाचली तेव्हा ते मागे उभे होते. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, कुंभकोणमला असायची. तिच्याशी ते रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी फोनवर मराठीत बोलायचे. ती गेल्यावर त्यांच्याशी मराठी बोलणारं कोणी राहिलं नाही. "मग कोणाशी बोलावं?" ते म्हणाले. "घरात कोणास येत नाही. येथें लिहितों. यंत्र वाचत नाही, तें एक बरं." त्यांच्या तोंडून इतकं सरळ वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

घरात कोणाला येत नाही हे मी पाहिलं. एका रविवारी त्यांनी मला तिरुवल्लिकेणीला जेवायला बोलावलं. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, एकट्या नोकरदार पोरांच्या लॉजच्या, तिकडे त्याला मॅन्शन म्हणतात, शेजारी, दुसऱ्या मजल्यावर घर. बायको तमिळमध्ये बोलत होती. तिच्या माहेरी मराठी दोन पिढ्यांपूर्वीच संपलेलं. मुलगा बंगळूरहून आलेला, तो आईशी तमिळ आणि बापाशी इंग्रजी बोलत होता. जेवण वाढताना सेतुराव मराठीत 'भात घाल' म्हणाले, तर मुलगा माझ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही आल्यात म्हणून बाबांना आज चेव चढलाय." सेतुरावांनी भात स्वतःच वाढून घेतला. खाली सोडायला आले तेव्हा म्हणाले, "माझ्या मागें त्या ओळी राहिल्या म्हणजे पुरे. बाकीचं असकं घेऊन जा म्हणावं ऑफिसवाल्यांस. तूं आहेस, तुज वाचतां येतं." मी हो म्हटलं. त्यांना निवृत्त व्हायला फार दिवस उरले नव्हते. मुदतवाढ मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ती मागितलीही नव्हती. मागितलं ते एवढंच, आणि तेही मला, जिच्या हातात काही नव्हतं.

खरं तर सगळंच हळवेपणाने घ्यायलाही मी तयार नाही. मराठीत लिहिण्यात अक्काची आठवण होती तसा थोडा माजही होता. फंक्शन सगळ्यांना छापता येईल, पण ते असं का आहे हे मलाच विचारायला यावं लागेल, ही गोष्ट त्यांना मनातून सुखावायची. लोक यायचेही. मग ते आधी टर उडवायचे आणि नंतर सांगायचे. लोकांना त्या ओळींचा राग होता तो काही उगाच नव्हता.

यथावकाश रेवती मॅनेजर झाली. ती हुशार होती, कष्टाळू होती, आणि सेतुरावांशी इतकी आदराने वागायची की नवीन माणसाला वाटावं ही त्यांची लाडकी शिष्या. तिच्याच हाताखाली जुनी यंत्रं काढून सगळं नव्या यंत्रांवर न्यायचं काम निघालं. फंक्शनं कशी न्यायची यावर बैठक झाली. एक नवीन मुलगा म्हणाला, फाइली उचलून तिकडे ठेवू, पाच मिनिटांचं काम. रेवती सेतुरावांकडे वळली. "सार, तुम्ही सांगा," ती अदबीने म्हणाली. "फाइली न्यायच्या, की नव्या यंत्रावर शेलला वाचू द्यायच्या आणि तो छापेल ते ठेवायचं?"

सेतुराव खुर्चीत सरसावून बसले. त्या मुलाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की तो वहीत काहीतरी लिहायला लागला. "फाइलींत मेलेली फंक्शनं आहेत, दोन-दोनदा लिहिलेली आहेत, हिचीही आहेत," ते म्हणाले. "शेल छापेल तेवढंच खरं. इतकी वर्षं मी काय बोंबलतोय? शेलला विचारा." रेवतीने मान डोलावली. "सार सांगतात तसंच," ती म्हणाली, आणि ते वाक्य बैठकीच्या टिपणात तसंच्या तसं गेलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सेतुरावांचा जुन्या यंत्रांवरचा शेल फंक्शन छापताना मूळ मजकूर जसाच्या तसा छापायचा, हॅशच्या ओळींसकट. नव्या यंत्रांवरचा शेल वेगळा, बॅश नावाचा. आज्ञा तीच, टाइपसेट डॅश एफ, अक्षर न्‌ अक्षर तीच. पण हा नवा शेल फंक्शन वाचतानाच शेरे टाकून देतो. त्याच्या दृष्टीने ते नसतातच. छापतो तेव्हा नुसत्या आज्ञा छापतो, नीट समास सोडून, एकसारख्या. आमच्यातल्या निम्म्यांना हे माहीत होतं, कारण आम्ही त्याच शेलवर वाढलो. सेतुरावांना माहीत नव्हतं. नव्या यंत्रांना ते खेळणी म्हणायचे आणि त्यांना हात लावणं कमीपणाचं समजायचे. मी त्या बैठकीत नव्हते, हे सगळं नंतर त्या नव्या मुलाकडून ऐकलं. कारखान्यात गेले होते. परत आले तेव्हा काम झालेलं होतं, आणि फाइलीच नेल्या असतील असं धरून मी चौकशीही केली नाही.

जुन्या फाइली कुठेच कशा उरल्या नाहीत, असं मला पुष्कळ जण विचारतात. फाइलींच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवायची सोय ऑफिसात होती. सेतुरावांनी आपल्या फाइली तीत कधी घातल्या नाहीत. तिथे ठेवल्या की लोक तिथलंच वाचून खरं मानतील, शेलला विचारणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या हाताने त्यांनी एकेक दार लावून घेतलं होतं.

निरोपाचा समारंभ संध्याकाळी चहाच्या वेळी झाला. केसरी म्हणजे तिकडचा शिरा, मेदूवडे, शाल, हार. रेवती छान बोलली. सेतु सारांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली पण ती जन्मभर पुरेल, वगैरे. मग सेतुरावांना बोलायला सांगितलं. ते भाषण करणाऱ्यांपैकी नव्हते. हार काढून खुर्चीवर ठेवला, मोठ्या पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपशी गेले आणि म्हणाले, "मी काय बोलणार. मी लिहिलंय तें दाखवतों. ही सांगली वाचून दाखवील." त्यांनी मला पुढे बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सगळ्यांना आपलं मराठी ऐकवणार होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. मला खरंच बरं वाटत होतं, लॅपटॉपवर नवा शेल आहे हे डोक्यातही आलं नाही.

त्यांनी टाइप केलं. पडद्यावर फंक्शन आलं. स्वच्छ, नीटनेटकं, एकही हॅश नाही.

नाव चुकलं असेल असं वाटून त्यांनी दुसरं छापलं. मग तिसरं. बोटं जोरात आपटत होती. लोकांना वाटलं की सार आपली करामत दाखवताहेत, आणि मागून टाळ्या पडल्या. मी हळूच म्हटलं, "सार, हा शेल शेरे छापत नाही." त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही. ते रेवतीकडे बघत होते.

"बॅश शेरे ठेवत नाही, सार," रेवती म्हणाली. आवाज अगदी मऊ. "तुम्हाला हे ठाऊक असेलच असं मी धरलं."

"जुनी यंत्रं?"

"मागच्या आठवड्यात पुसून भंगारात दिली. करारातच होतं, सार. बॅकअपसकट."

तिला आधीपासून माहीत होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी तिला नंतर विचारलंही. ती म्हणाली, "मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. टिपणात आहे. आणि ठेवल्या असत्या तरी त्या ओळी कोणाला कळल्या असत्या? तुला एकटीला." तिचा अपमान झाला होता तेव्हा मी पचडी खात बसले होते, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण तिला ते नक्की माहीत असणार. चेन्नईत आल्यापासून मी इतका स्वच्छ सूड दुसरा पाहिलेला नाही. कुठे डाग म्हणून नाही.

सेतुरावांनी शाल घडी करून डब्याच्या पिशवीत घातली, केसरी खाल्ली, आणि त्यातल्या तुपाबद्दलही काही म्हणाले नाहीत. ओएमआरवर, ऑफिससमोरच्या हमरस्त्यावर, बससाठी उभे राहिले तेव्हा मी सोबत जाऊ का विचारलं. "कशास?" ते म्हणाले.

पुढे काही महिने सुरळीत गेले. मग एका नव्या मुलाने नीटनेटक्या फंक्शनमध्ये एक निरर्थक ओळ पाहिली. शेलला थोडा वेळ नुसतं थांबायला सांगणारी. का थांबायचं, काही लिहिलेलं नाही. त्याने ती काढून टाकली, कोणीही काढली असती. आणि गुम्मिडिपूंडीच्या वजनकाट्यावर प्रत्येक ट्रकच्या पावतीवर त्याच्या आधीच्या ट्रकचं वजन यायला लागलं. फाटकापासून हायवेपर्यंत ट्रकांची रांग, ड्रायव्हर खाली उतरून भांडताहेत, कारखान्याचे साहेब फोनवर ओरडताहेत. ओळ परत घालून ते मिटलं. पण आता सगळ्यांना भीती बसली. अशा आणखी कितीतरी ओळी होत्या ज्यांचं कारण कोणाला सांगता येत नव्हतं. रेवतीने मला केबिनमध्ये बोलावलं. "तू जा," ती म्हणाली. "तुझं ऐकतील. सल्लागार म्हणून या म्हणावं. मान ठेवू. फक्त कोणती ओळ कशासाठी आहे एवढं सांगा म्हणावं." ती खरोखर थकलेली दिसत होती. पडद्याच्या कडेची पिवळी चिठ्ठी केव्हाच गेली होती.

मी फंक्शनं कागदावर छापून घेतली आणि तिरुवल्लिकेणीला गेले. दुपार होती, बायको आत निजलेली. सेतुराव वेष्टी नेसून पुढच्या गॅलरीत बसले होते. बरेच वाळले होते. निरोप सांगितला तर त्यांचा चेहरा उजळला. लपवायचा प्रयत्न केला त्यांनी, पण उजळला. "आता आले काय," ते म्हणाले. "ये म्हणावं तीस येथें. जिना चढून ये म्हणावं." मग चष्मा लावला. "दाखव."

मी कागद दिले. त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. वाचता वाचता बोट एका ओळीवर थांबलं. पुढे गेलं, परत त्याच ओळीवर आलं. खाली मॅन्शनमधली पोरं बादल्या घेऊन नळाशी भांडत होती. सेतुरावांनी पान उलटलं, दुसरं घेतलं, पुन्हा पहिलं घेतलं. त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. त्या ओळीच्या वर, जिथे शेरा असायला हवा तिथे, त्यांनी एक हॅश काढला. नीट, दोन उभ्या रेघा, दोन आडव्या. पेन पुढे न्यायला उचललं आणि तसंच धरून राहिले.

मी वाट बघत बसले. मला वाटत होतं की ते मुद्दाम ताणताहेत, नेहमीसारखं.

"मज आठवना," ते म्हणाले.

मी म्हटलं, सार, सावकाश बघा, कागद ठेवून जाते.

"लिहून ठेवलं तें विसरायासाठींच ना," ते म्हणाले. "लिहिलं आणि डोक्यांतून सोडलं. असकं तिथेंच होतं." पेन त्यांनी टोपण लावून मला परत दिलं. कागद गोळा करून, कडा जुळवून माझ्या हातात ठेवले. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी पाहिलं याचा त्यांना राग आला होता. "हें पाहा सांगली. तीस काय सांगशील?"

मी कागद पिशवीत घातले.

"म्हाताऱ्यास ठाऊक आहे पण सांगत नाही, असं सांग," ते म्हणाले. "हाकलून दिलं म्हण. आठवत नाही म्हणून सांगू नको. शपथ आहे तुज माझ्या अक्काची."

जिना उतरून गल्लीत आल्यावर मी वर पाहिलं. ते गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते. शेजारच्या मॅन्शनच्या पोरांना पाण्यावरून तमिळमध्ये शिव्या देत होते, खणखणीत आवाजात, आणि पोरं हसत होती. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. ते गेल्याचं मला उशिरा कळलं, तेही मुलाने इंग्रजीत पाठवलेल्या निरोपावरून.

मी ऑफिसात सांगितलं ते त्यांनी सांगितलं तसंच. ठाऊक आहे, पण सांगत नाहीत. हाकलून दिलं. रेवतीने हॅश काढलेला तो कागद उलटून बघितला आणि ती म्हणाली, "शेवटपर्यंत असलाच माणूस." आजही पेरुंगुडीत एखादी अगम्य ओळ निघाली की कोणीतरी सेतु सारांचं नाव काढतं, त्या माणसाला सगळं माहीत होतं पण सांगितलं नाही म्हणून चार वाईट शब्द बोलतं, आणि मी मान हलवते. हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तिथलं कोणी वाचणार नाही. तें एक बरं.